बटणं लावणारी आई

आमच्या महिला मंडळात काज-बटणाचं काम करणाऱ्या आठ-दहाजणी आहेत. नगावर पैसे. एका शर्टामागे किती मिळतात ते इथे लिहीत नाही, वाचून तुम्हालाच लाज वाटेल. त्यांच्यातली एक मध्यंतरी वैतागून म्हणाली, "ताई, बटणं लावून कुणाचं पोरगं मोठं झालंय का?" मी पटकन बोलून गेले, "झालंय की! अमेरिकेचा सेनापती झालंय!" सगळ्या हसल्या. मग मला गोष्ट सांगावीच लागली.

कॉलिन पॉवेल हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. १९८९ मध्ये ते अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष झाले, त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. २००३ साली इराक युद्धाआधी संयुक्त राष्ट्रांत त्यांनी जे भाषण केलं, त्याबद्दल त्यांच्यावर खूप टीका झाली आणि ती योग्यच होती असं मला वाटतं. पण ते राहू दे. २०२१ मध्ये ते गेले. १९९५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात मला सेनापतीपेक्षा त्यांची आई जास्त भेटली. आणि आईची आईसुद्धा.

आजीपासूनच सुरुवात करू. जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. ऊस, केळी आणि गरिबी. ॲलिस मॅकॉय या बाईचा नवरा उसाच्या मळ्यावर मुकादम होता. दोघं वेगळी झाली. पदरात नऊ मुलं! मुलं मागे ठेवून ॲलिस कामासाठी बाहेर पडली. आधी पनामा, मग क्युबा, मग न्यूयॉर्क. लोकांच्या घरी धुणीभांडी, कपड्यांच्या कारखान्यात नगावर काम, आणि जमतील तसे पैसे घरी धाडायचे. आपल्याकडे अशा बाईला काय काय ऐकावं लागलं असतं, तुम्हीच विचार करा. "कशी आई म्हणावी हिला? नऊ लेकरं टाकून गेली!" पण ती गेली नसती तर लेकरांनी खायचं काय होतं?

न्यूयॉर्कमध्ये जरा बस्तान बसल्यावर तिनं थोरल्या मुलीला बोलावून घेतलं. ही मॉड. हार्लेम भागात ॲलिस घरात भाडेकरू ठेवायची. त्यांतलाच एक ल्यूथर पॉवेल. तोही जमैकाचाच, टॉप हिल नावाच्या खेड्यातला, फळांच्या कंपनीच्या बोटीनं आलेला. मॉडचं आणि त्याचं तिथेच जमलं.

आधी मुलगी झाली, मॅरिलिन. मग १९३७ मध्ये कॉलिन. पुढे कुटुंब साउथ ब्राँक्समध्ये राहायला गेलं. ल्यूथर बायकांचे सूट आणि कोट बनवणाऱ्या कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात होता, वाढत वाढत तिथला फोरमन झाला. मॉड कपड्यांना बटणं आणि झालरी लावायची. तिचीही मजुरी नगावरच. केलेल्या कामाचे टॅग मोजून, रबर बँड लावून नीट ठेवायचे, कारण पगार त्यावरच! (हे सांगितल्यावर आमच्या बायकांनी एकदम माना डोलावल्या. हिशेबाची वही सगळ्यांच्याच पिशवीत असते.)

आईबाप दोघंही कामाला, मग पोरांकडे बघायला कोण? आजी. चार वर्षांच्या कॉलिननं केसांतली पिन विजेच्या सॉकेटमध्ये घातली ती आजीच्याच घरी. जिला स्वतःची मुलं डोळ्यांसमोर ठेवता आली नाहीत, ती आता नातवंडांमागे धावत होती.

मॉड काही गरीब गाय नव्हती. तिचं हायस्कूल पूर्ण झालेलं, नवऱ्याचं नाही. त्यानं फार रुबाब केला की ती पुटपुटत तेवढं ऐकवायचीच. ती शिवणकामगारांच्या युनियनची पक्की सभासद, आणि हा फोरमन, स्वतःला मालकाच्या बाजूचा समजणारा. १९५२ मध्ये त्यानं आयसेनहॉवरची बाजू घेतली तरी बाईंचं मत डेमोक्रॅटिक पक्षालाच. एका घरात दोन पक्ष, पण कुटुंबासाठी राबताना दोघं एक.

वाडीतल्यासारखंच वातावरण. आजूबाजूला मावश्या आणि आत्या. पोरगं रस्त्यात चुकीचं वागलं की खिडकीतून कुणीतरी बघणार आणि तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचणार. सणावारी सगळे जमले की जमैकन जेवण आणि गाणी. तिथल्या समारंभांत बकऱ्याचं 'करी' घातलेलं मटण लागतंच. ते त्या बेटावर नेलं १८४५ पासून गेलेल्या आपल्या भारतीय मजुरांनी, हे वाचून मला कोण आनंद झाला!

स्वतःचं घर झालं त्याची तर गंमतच. एका शनिवारी रात्री ल्यूथरच्या स्वप्नात एक आकडा आला आणि रविवारी चर्चमधल्या भजनांच्या फळ्यावर नेमका तोच! आपल्या मटक्यासारखा तिकडेही आकड्याचा खेळ चालायचा. बहिणीबरोबर त्यानं २५ डॉलर लावले आणि दहा हजार मिळाले. त्यातून क्वीन्स भागात घर घेतलं. मटक्याचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, तो पायी बुडालेली घरं मी रोज बघते. पण घडलं ते असं.

कॉलिनच्या कॉलेजचा हिशेब मात्र सरळ होता. खासगी विद्यापीठाची वर्षाची फी ७५० डॉलर, सिटी कॉलेजची दहा. सिटी कॉलेज! आईनं बजावलं, इंजिनीअर हो, त्यात पैसा आहे. पोरगं इंजिनीअरिंग सोडून भूगर्भशास्त्राला गेलं तेव्हा साऱ्या मावश्या हवालदिल. दगडं शिकून हा करणार काय? पुढे तो सैन्यात गेला तेव्हाही घरच्यांना वाटलं, तीन वर्षं करील आणि येऊन नीट नोकरी धरील. आई ती आईच.

१९७८ मध्ये ल्यूथर गेला. मॉड १९८४ मध्ये गेली, वयाची ऐंशी वर्षं ओलांडून. मुलगा मेजर जनरल झालेला तिनं पाहिला. पुढचं मोठं पद पाहायला ती पाच वर्षं कमी पडली.

गोष्ट संपली तेव्हा ज्या बाईनं प्रश्न विचारला होता तिनं सेनापतीबद्दल काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "ताई, त्या आजीची बाकीची पोरं? ती नंतर आईपाशी आली का?"

म्हटलं, "हळूहळू आली. अगदी धाकटीसुद्धा आली. पण मधली वर्षं गेलीच."

"गेलीच की," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिची मुलगी गावी आजीकडे असते. येत्या जूनमध्ये इकडच्या शाळेत घालायची म्हणतेय.