गावपळण आणि पडीक कुणगे

मालवण तालुक्यातील आचरा हा गाव दर काही वर्षांनी तीन दिवस आणि तीन रात्री ओस पडतो. ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल झाला की सर्व जातिधर्मांचे लोक घरांना कुलपे लावतात आणि गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह वेशीबाहेर पडतात. चुली राहुट्यांतून पेटतात, रात्री भजने रंगतात. परतीचा कौल मिळाला की गाव पुन्हा आपल्या जागी येतो. या गावपळणीची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात, तिच्यामागच्या श्रद्धेची चर्चाही होते. त्याच गावाच्या शिवारात दुसरी एक पळण चालू आहे. तिला कोणी कौल लावलेला नाही, आणि गेलेले परत येतील याची शाश्वतीही नाही.

भाताचे कुणगे एकेक करून पडीक पडत आहेत. ही स्थिती एकट्या आचऱ्याची नाही, साऱ्या सिंधुदुर्गाची आहे. कारण विचारले की पाऊस, मजुरी, माकडे, आणि ‘पोरांना शेती नको’ ही उत्तरे ठरलेली असतात. ती खोटी नाहीत. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. हेक्टरी तीस क्विंटल भात धरले तर हाती तीन क्विंटल येते. २०२५-२६ च्या आधारभूत किमतीने, क्विंटलला २,३६९ रुपये या दराने, त्याचे सात हजारांच्या आसपास होतात. त्यातून पॉवर टिलरचे भाडे, लावणीची आणि कापणीची मजुरी वजा करावी, म्हणजे मुंबईला गेलेला मुलगा वेडा नव्हता हे पटते. पण कोकणातील भात बाजारासाठी कधी फारसे पिकलेच नाही. ते घरच्या पेजेसाठी आणि गुरांच्या गवतासाठी पिकले. ज्याला अजून ते पिकवायचे आहे, त्याला ते का पिकवता येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

अशी माणसे आहेत. काही कधी गेलीच नाहीत. काही १९८२ च्या गिरणी संपानंतर परतली आणि राहिली. अशा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी सातबारा उतारा पाहावा. पणजोबांच्या नावाची जमीन आज वीस-तीस नावांवर सामाईक असते. त्यांतील निम्मी नावे मुंबईत, काही बडोद्यास, काही केवळ कागदावर. कारण वारसाची नोंद करण्यास कोणी आलेलेच नाही. जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमान्वये तहसीलदाराकडून वाटणी करून घेता येते; पण ती सुरळीत व्हायची तर सर्व सहधारक एकमताने पुढे यायला हवेत. कर्ज काढायचे, विहीर खणायची, काजूची कलमे लावायची, तरी संमतीचा प्रश्न आडवा येतोच. जो राबतो त्याच्यापाशी अधिकार अपुरा, आणि ज्यांच्यापाशी अधिकार आहे त्यांना कुणगा नेमका कोठे आहे हेही दाखवता येणार नाही.

एकाच्या पडीक जमिनीने दुसऱ्याचे काय बिघडते, असे शहरातील वाचकास वाटेल. वस्तुतः कोकणातील भातशेती ही पायऱ्यांची शेती आहे. वरच्या कुणग्यातील पाणी मेरेवरून खालच्यात उतरते. वरची मेर फुटली आणि ती बांधणारा कोणी नसला, तर खालच्याची लावणी वाहून जाते. पडीक तुकड्यात रानमोडी माजते, रानडुकरांना आसरा मिळतो, आणि चहूबाजूंनी रान असलेला एकटा हिरवा कुणगा राखण्यासाठी रात्री जागवाव्या लागतात. वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे, दुखणे याहून मोठे. ते पाटाच्या पाण्यावर होते. ओहोळाला बांध घालणे आणि पाट उपसणे ही एकट्याची कामे नव्हेत. आचऱ्याच्या शेजारच्या एका गावाचे नावच वायंगणी आहे. खाडीकाठच्या खार जमिनीत तर एका ठिकाणी बांध फुटला की भरतीचे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ साली झाला, बांधांची कामेही सरकारकडून झाली. परंतु रोज बांधावर नजर ठेवणारा शेतकरी कायद्याने निर्माण होत नाही.

मग दूर राहणारे मालक ही जमीन कसणाऱ्यास का देत नाहीत? उत्तर एका शब्दाचे आहे: कूळ. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालकी मिळाली. कोकणाच्या इतिहासातील ती न्यायाची गोष्ट होती, यात शंका नाही. त्याच कायद्यातील ‘३२-ओ’ कलम कृषकदिनानंतर लागलेल्या कुळासही खरेदीचा हक्क देते. त्यामुळे ज्याच्या आजोबांना कूळ म्हणून जमीन मिळाली, तोच नातू आज परळ-डोंबिवलीत बसून धाकट्या चुलत्यालाही कुणगा लावू देत नाही. जमीन ओसाड राहिली तरी चालेल, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढायला नको! ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. आणि जेथे तोंडी व्यवहार होतात, तेथे कसणारा कर्जास, नुकसानभरपाईस मुकतो तो मुकतोच.

नीती आयोगाने नेमलेल्या डॉ. टी. हक यांच्या समितीने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा दिला. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्यास मुदतीपुरते संरक्षण, पीककर्ज आणि विमा मिळावा, असा त्याचा गाभा आहे. कोकणासाठी त्याला एक कुंपण मात्र घालावेच लागेल. भाडेपट्टा गावात राहून स्वतः शेती करणाऱ्यालाच मिळाला पाहिजे. नाहीतर समुद्र जवळ असलेल्या या पट्ट्यात भाताच्या नावाने करार होतील आणि विश्रामगृहांची जोती उभी राहतील. सामाईक उताऱ्यासाठीही सर्वांच्या संमतीचा आग्रह सोडावा लागेल. बहुसंख्य हिस्सेदारांची सही एका हंगामापुरती पुरेशी का मानू नये? बेपत्ता हिस्सेदाराच्या वाट्याचा खंड ग्रामपंचायतीकडे जमा राहू शकेल. तो पुढे आला, की त्याने तो न्यावा.

हे अवघड आहे, असे महसूल खाते म्हणेल. पण वाडीवाडीतले सारे लोक एका कौलावर घरे सोडून वेशीबाहेर जाऊ शकतात, तेथे वरच्या कुणग्याची मेर कोणी बांधायची हे ठरवणे मनुष्यशक्तीबाहेरचे नसावे. सह्यांसाठी मुंबईच्या खेपा घालण्याचेही कारण नाही. सातबाऱ्यावरची बरीचशी नावे गणेशचतुर्थीला एकाच माजघरात जेवायला बसतात. भात तेव्हा पोसवण्याच्या बेतात असते आणि पुढच्या मृगाला अजून आठ-नऊ महिने असतात. त्या दिवसांत तलाठ्याने कोरे करारनामे घेऊन वाडीत एक फेरी मारावी, एवढा आदेश काढण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. निदान वारसांच्या नोंदी तरी त्या फेरीत पुऱ्या होतील.