उदासीच्या आजारावरची गोळी

घरात कुणी गेले, पीक बुडाले, कर्ज झाले, की माणूस उदास होतो. काही दिवस जातात आणि तो पुन्हा कामाला लागतो. याला आजार म्हणत नाहीत. पण कधी कधी उदासी जातच नाही. दोन आठवडे झाले, महिना झाला, तरी तीच गत. पहाटे तीनलाच जाग येते. भाकरी गोड लागत नाही. बैलाला वैरण टाकायचेही जिवावर येते. ‘आपण कुणाच्या कामाचे नाही,’ असे वाटत राहते. हा आजार आहे. डॉक्टर याला नैराश्य म्हणतात. लोक म्हणतात, ‘आळशी झालाय,’ नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी लागलंय.’ मग अंगारे-धुपारे होतात. पैसाही जातो आणि महिनेही जातात.

या आजारावर बोलून करायचे उपचार आहेत, आणि गोळ्याही आहेत. गोळ्यांची लोकांना फार धास्ती वाटते. म्हणून त्यांचेच आम्ही आज सांगतो.

आपल्या मेंदूत अब्जावधी बारीक पेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप देते. दोघींच्या मधे अगदी बारीक फट असते. पहिली पेशी त्या फटीत एक रस सोडते. रस पलीकडे पोचला, की निरोप पोचला. मग उरलेला रस पहिली पेशी परत ओढून घेते. असे रस अनेक आहेत. त्यांतल्या एकाचे नाव सेरोटोनिन.

आता वाफ्यात पाणी सोडले आणि बांधाला उंदराचे बीळ असले, तर पाणी निघून जाते. बीळ बुजवले, की पाणी वाफ्यात टिकते. गोळी हेच करते. रस परत ओढायची वाट ती अडवते, आणि रस फटीत जास्त वेळ राहतो. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम या गोळ्या अशा जातीच्या आहेत.

मग उदासी म्हणजे रस कमी पडणे का? पुष्कळ लोक तसे सांगतात, पण ते सिद्ध झालेले नाही. गोळीचा रसावरचा परिणाम काही तासांतच सुरू होतो. मनाला उतार पडायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. पुरता गुण यायला त्याहून जास्त. मधल्या काळात मेंदूत हळूहळू आणखी बदल घडत असतात. पाणी दिले त्याच दिवशी कणीस भरत नाही, तसेच हे.

या औषधांचा शोधही गमतीचा आहे. 1952 साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात क्षयाच्या रोग्यांना एक नवे औषध दिले. रोगी भलतेच हुशारीत आले! तिथून डॉक्टरांचे लक्ष इकडे वळले. 1957 साली स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामीन हे औषध उदासीवर चालते, असे जाहीर केले. फ्लुओक्सेटीन अमेरिकेत 1987 साली मंजूर झाले.

आता त्रासाचे बोलू. खरी गोम अशी, की त्रास पहिल्या दिवसांत होतो आणि गुण तीन आठवड्यांनी येतो. मळमळते, पातळ शौचाला होते, डोके दुखते, घाम येतो. कुणाला झोप येत नाही, कुणाला जास्तच येते. यातले बरेचसे त्रास आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. आमच्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याने चौथ्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. म्हणाला, ‘गुण नाहीच, वर मळमळ!’ त्याची बायको शहाणी. तिने त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मात्रा निम्मी केली आणि जेवणावर घ्यायला सांगितले. रब्बीची पेरणी त्याने स्वतः केली.

एक त्रास माणसे लाजेने सांगत नाहीत. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होते. हा पुष्कळांना होतो आणि आपोआप जाईलच असे नाही. डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा गोळी बदलतात. डॉक्टरपुढे कसली लाज?

अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, गुंगी येते. म्हाताऱ्यांची लघवी अडू शकते. या गोळ्या जास्त पोटात गेल्या, तर हृदयाला धोका असतो. पोरांच्या हाती लागू देऊ नयेत.

काही गोष्टी मात्र थांबायच्या नाहीत. सुरुवातीला कुणाची तगमग वाढते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत मरणाचे विचारही वाढू शकतात. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरातून हलवावे, निदान कुलपात ठेवावे. लगेच डॉक्टर गाठावा. 14416 हा सरकारी फोन रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येते. रोगी एकदम फार बोलू लागला, झोपेवाचून हिंडू लागला, उधळपट्टी करू लागला, तरी डॉक्टरांना कळवावे. म्हातारा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर रक्तातले सोडियम तपासून घ्यावे.

अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत. काहींनी या औषधांबरोबर रक्तस्राव होतो. दारू तर नकोच.

‘सवय लागते का?’ असे सगळे विचारतात. दारूसारखी तलफ येत नाही. पण गोळी एकदम तोडली, तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असे होते. म्हणून बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, आणि मग डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर ते आधीच सांगावे.