प्रसूतिकाल आणि डेंग्यूचा ज्वर

१९९६ साली दिल्लीत डेंग्यूची जी साथ उसळली, तिच्यात १०,००० हून अधिक लोक आजारी पडले व ४०० हून अधिक दगावले. तेव्हापासून या ज्वराचे नाव घरोघरी झाले. परंतु दिवस भरत आलेल्या स्त्रीला तो आला तर काय, हा विचार प्रसूतिगृहाबाहेर फारसा होत नाही.

डेंग्यूची खरी गोम अशी की, ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नव्हे. बहुधा तो तेव्हाच सुरू होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग निवते, घरची माणसे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांत रक्तातील द्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो. रक्त दाट होते, प्लेटलेट नावाच्या रक्तकणिका घटतात. हा २४ ते ४८ तासांचा कठीण काळ गर्भवतीच्या बाबतीत ओळखूही येत नाही. कारण तिच्या रक्तातील द्रवांश मुळातच वाढलेला असतो आणि आलेला दाटपणा तपासणीत झाकला जातो.

याच तासांत वेणा सुरू झाल्या, की मोठा पेच पडतो. वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटण्यास गर्भाशय आकसावे लागते आणि रक्त गोठावेही लागते. म्हणून डॉक्टर शक्य तोवर प्रसूती लांबवितात, निकड नसेल तर शस्त्रक्रिया टाळतात, आणि रक्ताची सोय आधीच करून ठेवतात. तापावर पॅरासिटॅमॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र रक्तस्रावाचे भय वाढविते. अंगदुखीची गोळी म्हणून ती घरच्या डब्यातून सहज दिली जाते, हे विशेष घातक.

बाळाची स्थिती चमत्कारिक असते. आईच्या रक्तात विषाणू आहे, पण प्रतिपिंडे अद्याप तयार व्हावयाची आहेत, अशा वेळी जन्मलेल्या मुलास कधीकधी रोग मिळतो, संरक्षण मिळत नाही. त्याला ताप येतो तो पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात, आणि तो सामान्य जंतुदोषाचा समजला जाण्याचा संभव असतो. यास्तव आईचा ताप बालरोगतज्ज्ञाच्या कानी घालणे अगत्याचे.

हा रोग पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. बाळंतिणीच्या खोलीत केवळ रात्री मच्छरदाणी सोडण्याच्या रिवाजाचा त्याच्यापुढे फारसा उपयोग नाही. न्हाणीघरातील उघडा हंडा आणि कूलरमधील पाणी हीच त्याची आवडती घरे.