सूचना आली नाही म्हणजे फाइल बदलली नाही?

डिस्कवरची फाइल बदलली की ऑपरेटिंग सिस्टिम कळवतेच, आणि तेवढ्यापुरती मेमरीतली शोधसूची सुधारली की काम भागतं, असा समज प्रोग्रामरांमध्ये पक्का आहे. वस्तुस्थिती अशी की, ती सूचना हा फक्त इशारा असतो. तिची हमी कुणीच दिलेली नाही. लिनक्समध्ये २००५ साली आलेली आयनोटिफाय ही सूचना-यंत्रणा घ्या. एका फोल्डरवर पहारा बसवला म्हणून आतल्या उपफोल्डरांवर तो बसत नाही. प्रत्येकावर वेगळा बसवावा लागतो. नवं उपफोल्डर तयार झालं आणि पहारा बसण्याआधीच त्यात फाइल पडली, तर तिची सूचना येतच नाही. सूचनांची रांगही मर्यादित, सहसा १६,३८४ची. गिटमध्ये शाखा बदलल्यावर हजारो फाइली एकदम पालटतात. त्यात रांग भरली तर पुढच्या सूचना टाकून दिल्या जातात आणि रांग भरल्याची एक खूण तेवढी उरते. ती खूण न वाचणारा प्रोग्राम शिळी उत्तरं देत राहतो, कुठलीही त्रुटी न दाखवता, आणि मला यातलं हेच सर्वांत घातक वाटतं. मॅकवरची एफएसइव्हेंट्स ही यंत्रणासुद्धा प्रसंगी ‘हे फोल्डर पुन्हा तपासा’ एवढंच सांगून थांबते.

यावर कुणी म्हणेल, मग फाइल बदलल्याची वेळ पाहावी. तीही पुरत नाही. फॅट पद्धतीच्या डिस्कवर ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, तर फाइली नेणारी आरसिंक किंवा टार ही साधनं जुनी वेळ जशीच्या तशी घेऊन येऊ शकतात. गिटला ही अडचण ठाऊक आहे. वेळेवरून खात्री होत नसेल तर तो फाइलचा मजकूरच तपासतो. दुसरा आक्षेप खर्चाचा: वारंवार सगळी डिस्क कशी चाळायची? इथे दोन वेगळ्या कामांची गल्लत होते. प्रत्येक फाइलचा आकार आणि वेळ ताडून पाहणं आणि शंका असेल तिथेच मजकूर तपासणं, हे सगळा मजकूर वाचून सूची नव्याने बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. सूची सुधारली जात असताना शोध बंद ठेवावा लागतो, हेही खरं नाही. ल्युसीन या शोध-लायब्ररीमध्ये एकदा लिहिलेला सूचीखंड बदलत नाही. नवे खंड तयार होत असताना चालू शोध जुन्या स्थितीवर सुरळीत चालतो.

म्हणून सूचनांनी वेग मिळवावा, पण खरेपणा डिस्कशी ठरावीक काळाने केलेल्या पडताळणीतूनच घ्यावा. तुमच्या प्रोग्राममध्ये रांग भरल्याची ती खूण कुठे हाताळली आहे, ते आधी शोधा. सापडली नाही, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करा.