चार भोकांची पट्टी

नवख्याला सीएडी शिकवायचं तर पहिला जॉब कोणता द्यावा, यावर माझं मत आता ठाम आहे: चार भोकांची साधी पट्टी. 80 बाय 50, जाडी 10 मिलिमीटर, चार कोपऱ्यांत एम8 बोल्टसाठी 9 मिलिमीटरची भोकं. पहिल्यांदा व्हिडिओ धडे करायला बसलो तेव्हा मी हौसेने गिअर घेतला होता. दिसायला झकास होता, पण पाहणाऱ्यांनी कुठलं बटण दाबायचं तेवढं पाठ केलं. दुसरा जॉब हातात आला की गाडी अडली.

सॉफ्टवेअर फ्रीकॅड. फुकट, खुल्या कोडचं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारं. कॉलेजबाहेर पडल्यावर लायसन्स संपण्याची भानगड नाही. धड्याच्या पहिल्या वाक्यात मात्र आवृत्ती सांगायचीच. नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आली आणि मापं देण्यासाठी एकच ‘डायमेन्शन’ बटण पुरायला लागलं. जुन्या व्हिडिओत आडव्या मापाचं वेगळं, उभ्या मापाचं वेगळं बटण दिसतं आणि शिकणारा ते शोधत बसतो.

दुसरं वाक्य माउसचं. फ्रीकॅडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये जॉब फिरवायला माउसचं मधलं बटण लागतं. लॅपटॉपच्या टचपॅडवर ते असतंच असं नाही. अशा वेळी नॅव्हिगेशन बदलून ‘टचपॅड’ किंवा ‘जेश्चर’ करायचं. एवढं न सांगितल्यामुळे निम्मी मुलं पहिल्या मिनिटालाच गळतात, असा माझा अंदाज आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर दोन रकाने आखतो. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे मी काय बोलणार. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्प याच पद्धतीने संहिता लिहितो. धडा साधारण दहा मिनिटांचा ठेवतो, आणि पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून शिकायला सांगतो. दोन रकान्यांचा फायदा लगेच कळतो: उजवीकडे ‘आता हे असं करायचं’ लिहिलं असेल तर ती ओळ बाद. ‘हे’ म्हणजे काय, ‘असं’ म्हणजे कसं, ते लिहायला लागतं.

आता प्रत्यक्ष काम. ‘पार्ट डिझाइन’मध्ये बॉडी घेतली, एक्सवाय प्रतलावर स्केच उघडलं आणि एक आयत काढला. इथे मी मुद्दाम हात थांबवतो. बाजूच्या पॅनेलवर आकडा दिसतो: चार डिग्री ऑफ फ्रीडम. आयताला अजून चार मोकळिकी आहेत. तो लांबीत ताणता येतो, रुंदीत ताणता येतो, डावीउजवीकडे सरकतो, वरखाली सरकतो. माउसने कोपरा धरून हे चारही करून दाखवायचं. हे खेळणं वाया जात नाही, कारण पुढची सगळी बंधनं याच चार मोकळिकी बंद करण्यासाठी असतात. आमनेसामनेचे दोन कोपरे आणि मधला ओरिजिन निवडून ‘सिमेट्रिक’ दिलं की सरकणं थांबतं, दोन उरल्या. 80 दिले, एक उरली. 50 दिले आणि आयत हिरवा झाला. हा हिरवा रंग पाहून चेहरा खुलतो, तो क्षण घाईत घालवू नये.

मग खालच्या रेषेलाही 80 देऊन बघायला सांगतो. सॉल्व्हर लगेच कुरकुर करतो: हे माप जादा आहे. वरची रेष 80 असेल तर खालची आपोआप 80 होते, हे सांगून कळत नाही. कुरकुर ऐकल्यावर कळतं.

‘पॅड’ दहा मिलिमीटर. पट्टी तयार. भोकं पहिल्याच स्केचमध्ये काढता आली असती, पण मी वेगळं स्केच घेतो. वर्कशॉपमध्येही आपण आधी पट्टी कापतो, मग ड्रिलवर लावतो. चार वर्तुळं काढली की आकडा बारावर जातो: दर वर्तुळाला केंद्राच्या दोन आणि व्यासाची एक. चारांना ‘इक्वल’ आणि एकाला 9 दिलं की आठ उरतात. ‘पॉकेट’ला ‘थ्रू ऑल’ द्यायचं. कधी पॉकेट पट्टी सोडून खालच्या हवेत जातं आणि काहीच कापलं जात नाही. तेव्हा ‘रिव्हर्स्ड’वर टिक. ही चूक रेकॉर्डिंगमध्ये झाली तर कापून टाकत नाही, कारण शिकणाऱ्याची ती होणारच आहे.

त्या आठ मोकळिकी कशा बंद करायच्या, इथे मी फसलो. पट्टीच्या कडा ‘एक्स्टर्नल जॉमेट्री’ने स्केचमध्ये आणल्या आणि प्रत्येक भोक कडेपासून 12 मिलिमीटरवर बसवलं. शेवटी प्रात्यक्षिक: 80 चे 120 करा. पट्टी लांब झाली, भोकं कोपऱ्यांसोबत शिस्तीत सरकली. मी खूश.

धडा तपासायला ओळखीचे एक फिटर बसवले होते. कॉम्प्युटरला फारसा हात न लावलेला माणूस, लेथवर मात्र तीस वर्षं काढलेली. मी मागे गप्प बसायचं, काही सुचवायचं नाही, असा नियम. त्यांनी 120 टाकलं, पडद्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वळून विचारलं, “सर, पट्टी लांब झाली म्हणून मोटर लांब होते का?”

पट्टी मोटरच्या पायाखालची असेल, असं त्यांनी धरलं होतं. मी काहीच धरलं नव्हतं. मोटरच्या पायाची भोकं 56 बाय 26 वर असतील तर ती तिथेच राहायला हवीत, कडा कुठेही जाओत. पट्टी नुसतं झाकण असती तर माझी पद्धत बरोबर होती.

भोकांचं स्केच पुन्हा केलं. ओरिजिनभोवती 56 बाय 26 चा कन्स्ट्रक्शन आयत, त्याच्या कोपऱ्यांवर चार केंद्रं. कडा उसन्या आणायची गरजच राहिली नाही. ते तसंही बरंच झालं: फ्रीकॅड कडांना आणि पृष्ठांना क्रमांक देतं, आणि 1.0 पूर्वी जॉब बदलला की ते क्रमांक फिरून स्केच भलत्याच कडेला जाऊन चिकटायचं. 1.0 ने तो त्रास बराच कमी केला आहे.

संहितेत उजव्या रकान्याची पहिली ओळ आता आवृत्तीच्याही आधी येते: “ही पट्टी मोटरच्या पायाखाली बसणार आहे.” डाव्या रकान्यात मोटरचा फोटो. तो त्या फिटरांनीच मोबाइलवर काढून पाठवला, जरा तिरका आलाय.