पसारा आवरायचाय? मग घराची 'जावक' सुरू करा



शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, हे आपल्याला माहीतच आहे. घराची अशी वही लिहिली तर काय दिसेल? आवक रोजची: पिशव्या, खोकी, वाढदिवसाची खेळणी, नव्या वह्या. आणि जावक? वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला! मग पसारा होणारच. एरवी आपण आवरतो म्हणजे "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत वस्तू माळ्यावर टाकतो. ती नजरेआड होते, घराबाहेर जात नाही.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. गच्चीतले जुने डबे, टायर यांत पावसाचं पाणी साचतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्याला एक 'कोरडा दिवस' पाळायचा. दुसरा धोका ड्रॉवरमधला. बंद खेळण्यातला बटणासारखा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर २ तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

मग करायचं काय? महिन्यातला एक रविवार ठरवा. एकच कपाट किंवा एकच ड्रॉवर घ्या. सगळं घर एकदम काढलं की दुपारपर्यंत दमछाक होते आणि सगळं परत कोंबलं जातं. वस्तू सतरंजीवर मांडा आणि मुलांकडून ४ ढीग करून घ्या:

१. रोज लागणारं: हाताशी, ठरलेल्या जागी.
२. कधीतरीच लागणारं: स्वेटर, गणपतीची आरास. खोक्यावर नाव लिहून माळ्यावर.
३. दुसऱ्याच्या उपयोगाचं: आखूड झालेला गणवेश, वाचून झालेली गोष्टीची पुस्तकं.
४. घराबाहेर जाणारं: रद्दी, भंगार. सेल, चार्जर, जुने मोबाइल मात्र ई-कचऱ्यात वेगळे द्या.

तिसरा आणि चौथा ढीग त्याच आठवड्यात घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर तोच नवा पसारा! वह्यांची कोरी पानं मात्र आधी काढून घ्या, शिवून छान कच्ची वही होते.

एक पथ्य पाळा. मुलाची वस्तू त्याला न विचारता टाकू नका. तुटकी गाडी आपल्याला भंगार वाटते, त्याला ती हवी असते. त्याला एक खोका द्या आणि सांगा, "यात मावेल तेवढं तुझं. काय ठेवायचं ते तूच ठरव." वर्गात आपण वर्गीकरण शिकवतो, इथे मूल त्यासोबत निर्णय घ्यायलाही शिकतं.

शिक्षकांनो, वर्गातल्या कपाटालाही हीच पद्धत लावून बघा. आणि पालकहो, येत्या रविवारी एका ड्रॉवरपासून सुरुवात करा. सेल कुठे पडलेत, ते आधी शोधा!