वनस्पतीपासून केलेले नॅनोकण आणि गाभण जनावर

आजकाल 'नॅनो' हा शब्द जाहिरातींत सर्रास वाचावयास मिळतो. त्याच्या जोडीला 'हर्बल' किंवा 'वनस्पतीजन्य' हा शब्द असला की माल निर्धोक आहे, असा ग्राहकाचा समज होतो. आपला देवरीचा परिसर जंगलाचा. मोह, हिरडा, बेहडा, कडुनिंब यांच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या लोकांचा झाडपाल्यावर विश्वास असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या जनावराच्या पोटात पिल्लू आहे, त्याच्या बाबतीत हा समज कितपत खरा आहे? प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर व बँकेत नोकरी करणारा आहे. तरी या विषयाचे मर्म सामान्य वाचकाला समजणार नाही इतके ते अवघड नाही.

एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण मात्र १ ते १०० नॅनोमीटरचे. वस्तू इतकी बारीक झाली की तेवढ्याच वजनात तिचा पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो. चांदीच्या कणांतून विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटतात व त्यांनी जंतू मरतात. कण जेवढा लहान, तेवढे हे सुटणे जास्त.

असे कण करण्याच्या पद्धती अनेक आहेत. रासायनिक पद्धतीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडसारखे तीव्र रसायन टाकतात. वनस्पतीच्या पद्धतीत त्याऐवजी पानांचा काढा घालतात. या दुसऱ्या वाटेवर महाराष्ट्राचे काम मोठे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदीचे व सोन्याचे कण तयार केले आणि गवती चहाच्या काढ्याने सोन्याचे त्रिकोणी कण मिळविले. हे दोन्ही शोधनिबंध २००४ सालचे. आपल्या विदर्भात अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी बुरशीच्या साहाय्याने चांदीचे कण करण्यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पद्धत कोणतीही असो, वर सांगितलेले सिल्व्हर नायट्रेट दोन्हीकडे एकच असते आणि कणाच्या आत चांदीही तीच असते. काढ्यामुळे तीव्र रसायन वाचते, सांडपाण्याचा त्रास कमी होतो व कणावर वनस्पतीतील द्रव्यांचे आवरण चढते. म्हणजे 'हरित' हे विशेषण बनविण्याच्या रीतीला लागते. पोटातल्या पिल्लाला तो कण सोसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. आमच्याकडे कर्ज मागणारा चांगल्या घरचा आहे, एवढ्यावर कर्ज मंजूर होत नाही. कागदपत्रे पाहावीच लागतात. येथेही तसेच आहे.

आई आणि गर्भ यांच्यामध्ये वार असते. ती सर्व काही अडविते, असा समज होता. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रसूतीनंतर मिळालेल्या मानवी वारेतून प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सोडून पाहिले, तेव्हा २४० नॅनोमीटरपर्यंतचे कण पलीकडे गेले. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जपानमधील शास्त्रज्ञांनी गरोदर उंदरांच्या शिरेत ७० नॅनोमीटरचे सिलिकाचे व ३५ नॅनोमीटरचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण टोचले. ते वारेत, गर्भाच्या यकृतात व मेंदूतही सापडले आणि गर्भ लहान राहिले. ३०० व १००० नॅनोमीटरच्या सिलिका कणांनी मात्र तसे झाले नाही. विशेष म्हणजे, त्याच ७० नॅनोमीटरच्या कणांचा पृष्ठभाग रासायनिक रीतीने बदलल्यावर तो दुष्परिणाम दिसला नाही.

यावरून कणाचे आवरण किती महत्त्वाचे आहे हे दिसते. वनस्पतीचे आवरण कणाला सौम्य करीत असेल, ही आशा निराधार नाही. परंतु जपानमध्ये कण सौम्य झाला तो रासायनिक बदलानेच, हेही विसरू नये. शिवाय वनस्पतीतील द्रव्ये सगळीच निरुपद्रवी नसतात. बिब्ब्याने कातडी भाजते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. नाल्याकाठच्या बेशरमाच्या झाडात स्वेन्सोनिन नावाचे विष असते; ब्राझीलमध्ये गाभण शेळ्यांना तो पाला चारून पाहिला असता जन्मलेल्या करडांत व्यंगे आढळली.

मग तुलना कशी करावी? दोन्ही प्रकारचे कण एकाच आकाराचे, चांदीचे वजन सारखे, देण्याची रीत एकच आणि गर्भावस्थेचे दिवसही तेच हवेत. त्यासोबत एका गटाला नुसता काढा, एका गटाला नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि एका गटाला काहीच नाही, असे ठेवावे लागते. नाहीतर गुण वा दोष कोणाचा हे कळणार नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे प्रत्येक गटात सुमारे २० गाभण माद्या असाव्या लागतात; पिल्लांची संख्या, वजन, हाडे व आतील अवयव तपासले जातात. आपल्या देशात अशा प्रयोगांना प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खालील समितीचे नियम लागू आहेत.

इतके करूनही उंदरावरचा निकाल शेळीला जसाच्या तसा लावता येत नाही. उंदराची गर्भावस्था सुमारे २० दिवसांची, शेळीची ५ महिन्यांची. उंदराच्या वारेत आईचे रक्त गर्भाच्या पेशींना थेट भिडते. शेळी व गाय यांच्यात मध्ये जास्त थर असतात. थॅलिडोमाइड या औषधाने १९५७ ते १९६१ या काळात जगभर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. त्या औषधाचा तसा परिणाम उंदीर-घुशींच्या जातीत सहसा दिसत नाही, सशांत दिसतो.

तेव्हा उद्या कोणी गाभण शेळीसाठी 'हर्बल नॅनो' टॉनिकची बाटली दारी घेऊन आला, तर कण कशाचा, किती नॅनोमीटरचा, एका मात्रेत किती, आणि कोणत्या जनावरावर गाभणपणाच्या कोणत्या दिवसांत तपासला, एवढे त्याला विचारावे. उत्तर लेखी मिळाले तर ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. न मिळाल्यास बाटली परत करावी.